सुळ्यांशिवायही पिशाच्च उभं राहतं

दादा, 'सुळे, रक्त, किल्ला हा खर्च परवडत नाही, म्हणून नागपुरात रक्तपिपासूचा सिनेमा होणं नाही' हे तुमचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. अमेरिकन भयपट दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोंचा 'मार्टिन' हा रक्तपिपासूचा सिनेमा आठवा. १९७० च्या दशकातला, १६ मिमी फिल्मवर काढलेला. त्यातल्या पोराला सुळेच नाहीत. तो इंजेक्शन आणि ब्लेड वापरतो. किल्ल्याऐवजी पेनसिल्व्हेनियातलं ब्रॅडॉक, पोलादावर वाढलेलं आणि मग ओसरलेलं गाव. ती अवकळाच अंगावर येते. नागपूरची एम्प्रेस कापडगिरणी बंद पडलेली पाहिलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

रक्ताचं म्हणाल, तर नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात लघुपट करताना आम्ही साखरेचा पाक, लाल रंग आणि चिमूटभर कोको घेतला. कोकोशिवाय ते दिव्याखाली थेट सरबत दिसत होतं. खरी अडचण वेगळीच, मे महिना! आवाज टिपताना कूलर बंद ठेवावा लागतो, त्यामुळे रात्री अकरानंतरच शूटिंग. आणि पाक कपड्यावर सुकून कडक होतो. एकाच मापाचे निदान तीन सदरे आधीच घेऊन ठेवा.