मानेच्या दुखापतीनंतर बाबांसोबत घरातल्या घरात काय काय करता येईल?

उंबरठा
मुलांच्या बाबांच्या मानेच्या मणक्याला इजा, सी६ (मानेतली सहावी पातळी), कम्प्लीट (म्हणजे त्याखालची हालचाल आणि संवेदना पूर्ण गेलेली). अकरा महिने झालेत. वय ४६. खांदे आणि दंड चालतात, मनगट वर उचलता येतं, बोटं हलत नाहीत. लघवीसाठी कायमची नळी, पिशवी पोटरीला. साधी व्हीलचेअर, तिच्यावर हवेचं कुशन. मुलं ८ आणि १४ वर्षांची.
औषधं, कूस बदलणं, व्यायाम यांचं वेळापत्रक बसलंय. पण दिवसभर घरात जे काही चालतं ते शुश्रूषेचंच. चौघांनी मिळून करायचं असं काही उरलेलं नाही. पत्ते हातातून निसटतात. कुंड्या जमिनीवर, तिथे हात पोचत नाही. एकदा दिवसभराची सहल ठरवली, तर दोन तासांत चेहऱ्यावर घाम, डोकं ठणकायला लागलं आणि परत फिरावं लागलं.
मोठं काही नको. रोज अर्धा-पाऊण तास, ज्यात बाबा नुसते बघे नसतील, असं काय करता येईल? नेमकी मापं, वस्तू, काय चुकतं ते सांगा. "सकारात्मक राहा" हे ऐकून झालंय.

पोटरीची पिशवी
खेळ आणि बाग नंतर. आधी तुमचं ते घामाचं आणि डोकं ठणकण्याचं वाक्य.
सी६ला इजेच्या खाली घाम जवळपास येतच नाही, त्यामुळे उन्हात अंग तापणं हा एक धोका आहेच. पण चेहरा-मान लाल, वर घाम आणि डोकं ठणकतंय, असं एकत्र दिसलं की पहिला संशय ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा घ्यायचा. टी६ (छातीमागच्या कण्यातली सहावी पातळी) किंवा त्याच्या वरच्या इजेत हे होतं. खाली कुठेतरी काहीतरी तुंबलंय, टोचतंय किंवा आवळलंय. माणसाला ते कळत नाही, पण रक्तदाब झपाट्याने चढतो. बहुतेक वेळा कारण लघवीचं: नळी मांडीखाली दबली, पिळली गेली, किंवा पिशवी भरली. त्याखालोखाल पोट साफ नसणं. मग घट्ट बूट, पट्टा, कपड्याची जाड शिवण, बोटात रुतलेलं नख.
करायचं असं: ताबडतोब ताठ बसवा, पाय खाली सोडा. पोटाचा पट्टा, बूट, पिशवीचा पट्टा सैल करा. नळी टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपून बघा, पिशवी रिकामी करा. दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब मोजा. कारण सापडलं नाही किंवा आकडा उतरला नाही तर थांबायचं नाही, तातडीची वैद्यकीय मदत घ्यायची.
दोन गोष्टींत घोळ होतो. एक, अशा इजेत नेहमीचा वरचा आकडाच ९० ते ११० असू शकतो, त्यामुळे १४० बघून "ठीकच आहे की" म्हणू नका. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढला तरी तो चढलेलाच. दोन, घेरी येऊन चेहरा पांढरा पडतो तेव्हा खुर्ची मागे कलवून पाय वर घेतात; घरच्यांना तीच सवय लागलेली असते. डोकं ठणकत असताना तसं केलं तर दाब आणखी चढतो. पांढरा चेहरा: मागे कलवा. लाल चेहरा: ताठ बसवा. हे चौदा वर्षांच्या मुलालाही पाठ असू द्या.
तुमच्या डॉक्टरांशी हे बोलून घ्या. आणि काहीही सुरू करण्याआधी पिशवी रिकामी. एरवीही ती दोन तृतीयांश भरली की वाट बघू नका.

सुतारपक्षी
लोक मन रमत नाही म्हणतात, खरी भानगड बऱ्याचदा टेबलाच्या उंचीत असते. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंमी उंच असतं, पण फळीखाली जी आडवी पट्टी असते तिच्यामुळे गुडघ्यांना ६२-६५ सेंमीच मिळतात. कुशनवर बसलेल्या माणसाच्या मांड्या त्यात जात नाहीत. खुर्ची अडते, माणूस टेबलापासून हातभर लांब राहतो, आणि पोटाचे स्नायू चालत नसल्यामुळे पुढे वाकूही शकत नाही. मग सगळे खेळतायत आणि हा लांबून बघतोय.
जमिनीपासून मांडीच्या सर्वांत वरच्या जागेपर्यंत मोजा, त्यात ४ सेंमी मिळवा. पट्टीखाली तेवढी मोकळी जागा हवी. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्या, पण सपाट ठोकळा नको, पाय घसरतो. ठोकळ्यात दोन सेंमी खोल खाच करा आणि पाय त्यात बसवा. खुर्चीचे हात अडत असतील तर बहुतेक खुर्च्यांत ते काढता येतात किंवा मागे वळतात.
पत्त्यांसाठी: ३० सेंमी लांब, ५ सेंमी रुंद, ४ सेंमी उंच लाकडाचा तुकडा. त्यात लांबीभर ३ मिमी रुंद, दीड सेंमी खोल चीर, किंचित मागे कललेली. सरळ उभी चीर पाडली तर पत्ते पुढे पडतात आणि समोरच्याला दिसतात. तेरा पत्ते दोन-दोन सेंमी सरकवून लावले की ३० सेंमी बरोबर भरतात, आणि प्रत्येकाचा कोपरा दिसतो. खाली रबराचा तुकडा चिकटवा, नाहीतर पत्ता ओढताना ठोकळाच सरकतो. आजच खेळायचं असेल तर कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवा, केसांत पत्ते खोचा. वर्षभर टिकणार नाही, संध्याकाळ निघते.
आणखी एक, प्रत्येक डाव संपला की ज्याची पाळी तो पिसणार आणि तेवढ्यात बाबांनी टेबलावर कोपरं टेकून पुढे रेलायचं, दीड-दोन मिनिटं. बैठकीच्या हाडांवरचा भार उतरतो. हे एरवी १५ ते ३० मिनिटांनी करायचंच असतं, घड्याळ लावून करायला सांगितलं की चिडचिड होते. डावाला बांधून टाकलं की खेळाचाच भाग होतो.
बाग. इथे सगळे एकच चूक करतात: गुडघ्यांसाठी खाली ७० सेंमी सोडतात, त्यावर २० सेंमी मातीचा वाफा ठेवतात, म्हणजे कड गेली ९० सेंमीवर. खांदे कानाला लावून काम करावं लागतं, दहा मिनिटांत हात भरून येतात. मातीची खोली १२-१५ सेंमीच ठेवा, तळाला पातळ पण मजबूत फळी, पुढच्या बाजूला आडवी पट्टी नाही. रुंदी ५० सेंमीच्या वर नको, कारण त्यापलीकडे हात पोचत नाही. १०० बाय ५० बाय १५ म्हणजे ७५ लिटर माती, ओली झाली की शंभर किलोंच्या पुढे जाते. घडीच्या टेबलावर हा वाफा ठेवू नका. नारळाचा भुसा मिसळून वजन बरंच कमी करता येतं.
बी पेरायला एक मीटर लांब, दोन सेंमी जाडीचा प्लास्टिकचा पाइप. वरच्या टोकात बी सोडायचं, खालचं टोक हवं त्या जागी. सूर्यफुलाचं बी मोठं असतं, धरायला सोपं. मुळा तीन-चार दिवसांत उगवतो, आठ वर्षांच्या मुलाला तेवढाच धीर असतो.

मनगट वर
सुतारपक्षींचा ठोकळा उत्तम. रेलण्याबद्दल एक दुरुस्ती.
सी६ला बोटं चालत नसली तरी पकड असते. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, खाली सोडलं की उघडतात. ही पकड बोटांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) थोड्या आखडलेल्या राहण्यावर चालते. टेबलावर रेलताना तळवा सपाट, बोटं सरळ ठेवून भार दिला, किंवा घरच्यांनी मायेने मनगट आणि बोटं दोन्ही एकदम ताणून "मोकळी" केली, तर कंडरा सैल पडतात आणि पत्ता धरण्याची ताकद कायमची जाते. नियम सोपा आहे: मनगट वर असेल तेव्हा बोटं मिटलेली, बोटं सरळ करायची तेव्हा मनगट खाली. रेलायचं ते कोपरांवर किंवा मिटलेल्या मुठीवर. आणि पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी राहा. धडाला तोल नसतो, माणूस कडेला घसरतो.
याच पकडीने काय उचलता येतं ते बघून वस्तू निवडा. बुद्धिबळाची जड, उंच मानेची मोहरी चालतात, चपटी सोंगटी चालत नाही. ब्रश, पेन, चमचा यासाठी तळहाताला बांधायचा पट्टा मिळतो, त्याच्या खिशात दांडा खोचायचा. दांड्यावर फोमची नळी चढवली की आणखी बरं.
मोठ्याने वाचणं हे मला सगळ्यांत वरचं वाटतं. त्याला कसलंच साधन लागत नाही आणि ते बाबांचंच काम राहतं. फक्त बरगड्यांमधले स्नायू चालत नसल्याने श्वास लवकर संपतो, आवाज बारीक येतो. बसून वाचताना पोटाचा पट्टा बांधलेला असेल तर वाक्य लांब टिकतं. अशा इजेत आडवं असताना श्वास जास्त भरून घेता येतो, म्हणून रात्री अंथरुणात वाचणं बसण्यापेक्षा सोपं जातं. पुस्तक स्टँडवर, पानं धाकट्याने उलटायची, किंवा अंगठ्यावर कारकुनी रबरी टोपी.
फुगा टोलवणं धाकट्याला आवडेल: ब्रेक लावलेले, छातीचा पट्टा बांधलेला, मनगटाच्या मागच्या बाजूने टोला. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर फुगा नको, हलका प्लास्टिकचा चेंडू घ्या. नळ्या-हातमोजे सतत वापरणाऱ्यांत ही ॲलर्जी जास्त आढळते.
बागेत हातमोजे हवेतच. करंगळीकडची बाजू बधिर असते, काटा रुतलेला कळत नाही. उन्हात तापलेलं लोखंडी खुरपंही तसंच. मांडीवर गरम कप किंवा लॅपटॉप कधीच नको.

उंबरठा
डोकं ठणकण्याचं हे कुणी सांगितलंच नव्हतं, डॉक्टरांची वेळ घेतली. आणखी दोन प्रश्न. धाकट्याला बाबांच्या मांडीवर बसायचं असतं, बसू द्यावं का? आणि थोरला यातल्या कशातच येत नाही. "बालिश आहे" म्हणतो.

मनगट वर
बसू द्या, पण पाचेक मिनिटं. हवेचं कुशन एका माणसाच्या वजनासाठी भरलेलं असतं. बैठकीच्या हाडाखाली हात घातला तर तळापर्यंत दीड ते अडीच सेंमी हवा राहायला हवी. मुलाचं वजन आलं की हाड तळाला टेकू शकतं. मूल मधोमध, खिशातल्या किल्ल्या आणि पायातले बूट काढून. नळी कुठून जाते ते आधी बघा, तिच्यावर बसायचं नाही. पायाला अचानक झटका येत असेल तर एकाने मुलाला धरून उभं राहायचं. उतारावर नाही. चाकांच्या तारांवर झाकणं लावा, लहान पाय आत जातात. त्या रात्री मांड्या आणि बैठक बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो भाग पूर्ण बरा होईपर्यंत त्यावर भार नको.

ओसरी
थोरल्याचं बरोबर आहे. चौदाव्या वर्षी फुगा कोण खेळेल? त्याला खेळायला बोलावू नका, बाबांकडून काहीतरी शिकायला द्या, जे त्यालाच हवंय.
सायकलचं पंक्चर घ्या. हात मुलाचे, डोकं बाबांचं. सायकल जमिनीवर उलटी ठेवाल तर बाबांना काहीच दिसणार नाही, कारण खाली वाकता येत नाही. चाक काढून टेबलावर आणा, पाण्याचं घमेलंही टेबलावर. ट्यूब पाण्यात फिरवताना बुडबुडे कुठून येतात ते बाबांनी बघायचं, मुलाने तिथे बोट ठेवायचं. ट्यूब पुसून पूर्ण कोरडी करा, ओल्यावर ठिगळ धरत नाही. सँडपेपरने घासायचं, सोल्युशन ठिगळापेक्षा मोठ्या जागेत लावायचं आणि मग थांबायचं. चूक इथेच होते: ओल्यावरच ठिगळ डकवतात. पाचेक मिनिटांनी बोटाला ओलं न लागता नुसतं चिकट लागलं की ठिगळ, मधून कडेकडे दाबत. आणि टायर परत चढवण्याआधी आतून बोट फिरवून काटा शोधायचा. तो राहिला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर.
तुमच्यासाठी नियम एकच: तेवढा वेळ त्या खोलीत जायचं नाही. मूल अडलं की आई येऊन करून टाकते आणि बाबा पुन्हा बघे होतात. चुकू द्या, ठिगळ सुटू द्या.
थोरल्याला पिशवी रिकामी करणं, अंग पुसणं यांत घेऊ नका. तातडीचं काय करायचं ते माहीत असावं, रोजची ड्यूटी नको. तुमचंही तसंच. शक्य असेल तर सकाळची शुश्रूषा दुसऱ्या कुणी करावी, निदान आठवड्यातून काही दिवस. सकाळचं आवरण्यात दोन-तीन तास जातात, त्यानंतर लगेच काही ठरवू नका. तासभर विश्रांती, मग. पोट साफ करण्याच्या दिवशी बाहेरचा बेत नको.
बाबांनी नको म्हटलं तर त्या दिवशी नको. पण दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही असं दिसलं तर खेळ बदलून उपयोग नाही, डॉक्टरांना सांगा.

सुतारपक्षी
दाराबाहेर पडायचं असेल तर उताराला १:१२ हे माप धरा. १५ सेंमीची पायरी म्हणजे १८० सेंमीची फळी, त्याहून आखूड केलीत तर ढकलणाऱ्याची दमछाक. तीव्र उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी, पाठीमागच्या बाजूने उतरवा. गवतात पुढची लहान चाकं रुततात, तिथे खुर्ची जरा मागे कलवून मोठ्या चाकांवर न्या किंवा उलटी ओढा. सलग ढकलत राहिलात तर चाक अडकतं आणि माणूस पुढे फेकला जातो.
आणि हवेचे टायर असतील तर हवा तपासा. ब्रेक टायरवर दाबून बसतात, हवा कमी असली की ब्रेक लावलेला दिसतो पण खुर्ची हलते.

उंबरठा
मांडीची उंची ६७ निघाली, टेबलाची पट्टी ६३वर आहे. म्हणजे ठोकळे ८ सेंमीचे?

सुतारपक्षी
हो, ६७ अधिक ४ म्हणजे ७१, वजा ६३. पण ठोकळा १० सेंमी उंच कापा, दोन सेंमी खाचेत जातील. मात्र टेबल ८३ सेंमीवर जाईल, बाबांची कोपरं अवघडतील, धाकट्याला तर पोचणारच नाही. त्यापेक्षा बाबांच्या बाजूची आडवी पट्टी काढता येते का ते आधी बघा. दोन कोपऱ्यांना आतून लोखंडी कोनपट्ट्या मारल्या की टेबल डुगडुगत नाही, आणि ठोकळे लागलेच तर जेमतेम दोन-तीन सेंमीचे.