शासन निर्णय आणि राजपत्रातील नियम: प्रबंधात संदर्भ कसा द्यावा?

प्रश्न
नमस्कार. मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करीत असून शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाचे पंचवीस टक्के प्रवेश हा माझा विषय आहे. विद्यापीठाने सांगितलेल्या ए.पी.ए. (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भलेखन पद्धतीतील कायदेविषयक नमुने अमेरिकी व्यवस्थेवर बेतलेले असल्यामुळे आपले शासन निर्णय त्यांत बसत नाहीत. केवळ संकेतस्थळाचा दुवा दिल्यास चालेल का?

उत्तर १
केवळ दुवा देऊ नये, कारण दुवे बदलतात. शासन निर्णयाची ओळख विभाग, विषय, क्रमांक आणि दिनांक यांवरून पटते. मजकुराच्या शेवटी छापलेला संकेतांकही नोंदवला, तर वाचक नेमक्या त्याच कागदापर्यंत पोहोचतो. लेखकाच्या जागी विभागाचे नाव लिहावे. आरंभी 'वाचा' या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते, तीही तपासावी. जुना निर्णय अधिक्रमित झाला आहे का, म्हणजे त्याची जागा नव्या निर्णयाने घेतली आहे का, याचा माग तेथून लागतो.

नियमांचे वेगळे आहे. अधिनियमाने (म्हणजे कायद्याने) दिलेल्या अधिकारातून केलेले नियम राजपत्रात प्रसिद्ध होतात, म्हणून तेथे राजपत्राचा भाग, दिनांक आणि अधिसूचना क्रमांक हवा. शासन निर्णय हा प्रशासकीय आदेश असतो. दोन्हींना सरसकट 'शासनाचे नियम' म्हटल्यास प्रबंधातील युक्तिवादच कमकुवत होतो.

उत्तर २
आपल्या विषयात दिनांकाला फारच महत्त्व आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने बदल झाला आणि एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना या प्रवेशांतून सूट मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला. राजपत्राच्या प्रतीवर हा पुढचा इतिहास नसतो. म्हणून अधिसूचनेसोबत न्यायनिर्णयाचाही संदर्भ द्यावा आणि आपण नियमांचे कोणत्या दिनांकाचे रूप वापरले, हे स्पष्ट लिहावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. नियम शब्दशः उद्धृत केल्यास प्रबंधाच्या साम्य-तपासणीत (इतरत्रच्या मजकुराशी जुळणारा भाग शोधणाऱ्या तपासणीत) टक्केवारी वाढेल का?

उत्तर १
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांनी कायद्यांचा मजकूर, तसेच श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या तपासणीतून वगळला आहे. तरीही अवतरणचिन्हे आणि नियम क्रमांक अवश्य द्यावेत, म्हणजे नियमाचे शब्द कोठे संपतात आणि आपले विवेचन कोठे सुरू होते, हे परीक्षकांना दिसेल.