ऑगस्टअखेर बेळगावहून एका दिवसात धबधबा आणि पोरांना डुंबायला जागा, सुचवा

शहापूरची_सून
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी नणंद पुण्याहून येतेय. बरोबर तिची दोन पोरं, एक अकरा वर्षांचा, एक आठचा. मोबाईलवर रील बघून दोघांनी हट्ट धरलाय की धबधब्याखालच्या डोहात पोहायचं. क्लास लावलेला असल्यामुळे तरण तलावात पोहतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. सकाळी निघून रात्री घरी. सगळं धरून साडेतीन हजार. घरची गाडी नाही. गोवा नको, तिकडं गेलं की खर्च हाताबाहेर जातो. कुठं जावं?

टिळकवाडीचा_राजा
चोर्ला घाटाकडं रिसॉर्ट घ्या सरळ. आम्ही गेलेलो. खोलीच्या मागंच ओढ्याचं कुंड, पोरं दिवसभर पाण्यात. रात्रीचे अकरा हजार गेले, खरं पैसा वसूल.

अनगोळकर
राजे, त्यांनी साडेतीन हजार लिहिलंय.

टिळकवाडीचा_राजा
पाहुणे रोज येत नाहीत.

भटक्या_खानापुरी
आमच्या तालुक्यात या की. वज्रपोहा हाय, चिखले हाय. चिखल्याचा धबधबा बघितला तर आंबोली विसराल. चालायचं थोडं, खरं वाट भारी.

जांबोटी_नाका
@भटक्या_खानापुरी, कशाला पाठवायलास बाबा? पावसाळ्यात वनखातं तिकडं सोडत नाही, नाक्यावरनंच परत लावतात. सोडलं तरी जंगलातली चाल, चिखल आणि जळवा. आजी कुठं बसणार, दगडावर?

भटक्या_खानापुरी
आम्ही जाऊन आलाव. ओळख लागते.

जांबोटी_नाका
हीच ओळख मग शोधपथकाला लागते.

घटप्रभा_एक्सप्रेस
गोकाक. विषय संपला. घटप्रभा एका उडीत सुमारे 52 मीटर खाली येते, घोड्याच्या नालासारखा कडा आहे. बसनं जावा. कर्नाटकच्या शक्ती योजनेत तुमचं आणि सासूबाईंचं तिकीट लागत नाही, फक्त आधार बरोबर घ्या. नणंदबाईंचं आधार पुण्याचं असेल तर त्यांचं पडेल. गोकाकपासून धबधब्याला रिक्षा मिळते. येताना तिथली मिठाई, करदंट घ्या.

नाराज_बेळगावी
गोकाकला पोहणार कुठं? तिथं पाणी चहासारखं. आणि जूनमध्ये गेलेल्या आमच्या पाहुण्यांना नुसता कोरडा कातळ बघायला मिळाला.

घटप्रभा_एक्सप्रेस
जूनमध्ये कोण जातं? वर हिडकलचं धरण आहे. ते भरून पाणी सोडलं की गोकाक जोरात. ऑगस्टअखेर साधारण तेच दिवस. जायच्या आदल्या दिवशी पेपरात विसर्ग बघायचा, सरळ हिशोब आहे. आणि गोकाकला 1887 सालीच पाण्यावर वीज तयार झाली म्हणतात, हे पोरांना सांगा.

अनगोळकर
वीज पहिली शिवनसमुद्रला झाली. शाळेत शिकलोय.

घटप्रभा_एक्सप्रेस
शिवनसमुद्र 1902. कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. 1887 आधी येतं की नंतर, तुम्हीच बघा.

अनगोळकर
गोकाकची गिरणीपुरती होती. ती धरत नाहीत.

शहापूरची_सून
विजेचं राहू दे हो. पोरं पोहणार कुठं?

रुळावरचा_माणूस
दूधसागर! 310 मीटर. त्याच्यापुढं बाकी सगळे नळ. वास्कोच्या रेल्वेत बसा, कॅसलरॉक गेलं की खिडकी धरून ठेवा. चालत्या गाडीतनं बघायचा, तिकिटात काम. फक्त उतरून रुळावरनं चालत जायचं नाही. 2023 च्या जुलैत तसं गेलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, सगळ्यांनी व्हिडिओ बघितलाय.

नाराज_बेळगावी
खालच्या कुंडात पोहायचं तर कुळेहून जीप, ती पावसाळ्यात बंद. ऑक्टोबरात चालू होते. आम्ही गेलेलो तेव्हा जीपवाल्यानं घाई घाई करून जीव नको केला. जॅकेटचा बंद तुटका, वर ते ओलंच, आधीच्या माणसाच्या घामाचं.

म्हादई_आमची
दूधसागर काय, सुर्ला काय, सगळं म्हादईचं पाणी. ते पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेवर कोणी बोलत नाही, सहलीला मात्र सगळे पुढं.

धागा_राखणदार
म्हादईसाठी वेगळा धागा आहे. इथं सहलीबद्दलच लिहा.

मलप्रभेकाठी
ताई, जरा मोठं लिहितो. बाकीच्यांचं वाचून हसू पण येतंय, काळजी पण वाटतेय.

तुम्हाला दोन गोष्टी एकाच दिवशी पाहिजेत, त्या आपल्या भागात एका दिवशी मिळत नाहीत. धबधबा बघायचे दिवस जुलै ते सप्टेंबर, डोहात उतरायचे दिवस डिसेंबरअखेरपासूनचे. आत्ता जिथं बघण्यासारखी धार आहे तिथं उतरण्यासारखं पाणी नाही. धारेखालचं पांढरं फेसाळ पाणी हवेनं भरलेलं असतं, त्यात पोहणारा माणूससुद्धा नीट तरंगत नाही. तळाला भोवरा असतो, तो वरनं दिसत नाही. तरण तलावात काठ चार हातांवर असतो, इथं काठ म्हणजे शेवाळलेला कातळ, धरला की हात सुटतो.

आणि पाऊस तुमच्या डोक्यावर पडायला लागत नाही. वर कणकुंबीकडं झोडपलं की खाली ऊन असताना पाणी चढतं. हब्बनहट्टीला नदीकाठचं मारुतीचं देऊळ पावसाळ्यात पाण्याखाली जातं, यावरनं ओळखा. कुठल्याही ओढ्यात उभं असताना पाण्याचा रंग अचानक लालसर झाला, पालापाचोळा आणि काटक्या एकदम वाहत यायला लागल्या, तर चपला गोळा करत बसू नका. पोरांना उचला आणि वरच्या बाजूला चढा. पलीकडच्या काठावर जेवायला तर बसूच नका, परतीची वाट बंद होते.

पोरांना पोहायचंच असेल तर नाताळच्या सुट्टीत बोलवा. असोग्याला, खानापूरला लागूनच, मलप्रभेचं पाणी तेव्हा निवळलेलं असतं, शंकराचं देऊळ आहे, आजींना बसायला सावली आहे. तरीपण मोठा माणूस पोरांच्या खालच्या अंगाला, प्रवाह जातो त्या बाजूला उभा पाहिजे. जॅकेट पोराच्या मापाचं, मांड्यांमधून पट्टा असलेलं. फुगवायची चक्रं नकोत.

बेळगुंदीचा_पैलवान
आम्ही विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलाव. पट्टा न बिट्टा. हल्लीची पोरं नाजूक. सुंडीच्या धबधब्याला जावा, जवळ हाय, आम्ही वरनं उड्या मारायचो.

जांबोटी_नाका
किटवाडच्या धबधब्यावर 2022 मध्ये बेळगावच्या चार मुली बुडून गेल्या. सुंडीपण त्याच पट्ट्यातलं. उड्या मारायला सांगू नका हो इथं.

बेळगुंदीचा_पैलवान
मी पैलवान लोकांचं सांगायलोय.

चंदगडी_काजू
आंबोलीचं कोणीच कसं लिहिलं नाही? सावंतवाडी रस्त्यावरच आहे. वाटेत नांगरतास लागतो, अरुंद घळीत पाणी कोसळतं, कठड्यावरनं बघायचा. मुख्य धबधबा रस्त्याला लागून, पायऱ्या आहेत. आजींना गाडीतनं दिसतो. पोरं पायऱ्यांवर भिजतील, डोहबिह काही नाही. महाराष्ट्राच्या लालपरीत बायकांना अर्धं तिकीट, तेपण त्यांच्या हद्दीतच. फक्त रविवारी जाऊ नका. घाटात गाड्यांची रांग, कणसाचा धूर, आणि पायऱ्यांवर पाण्यापेक्षा माणसं जास्त.

अनगोळकर
आंबोली रविवारी अजिबात नको.

नाराज_बेळगावी
+१. रविवार नकोच.

टिळकवाडीचा_राजा
आंबोली रविवारी नको. आमच्या रिसॉर्टचा नंबर पाठवू का?

कुंदाप्रेमी
उशिरा वाचलं. गोकाक चांगलं आहे, कोणी सुचवलं नाही वाटतं. 52 मीटर आहे.

शहापूरची_सून
सगळ्यांचे आभार. आत्ताच नणंदेचा फोन येऊन गेला. तिनं पुण्यातूनच गाडी ठरवलीय, तिच्या खर्चानं. आंबोली, रविवारीच, कारण सोमवारी पोरांची परीक्षा. सासूबाई म्हणाल्या, लेक म्हणेल तिकडं. @मलप्रभेकाठी, तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं. डोहाचं रद्द झालं, पायऱ्यांवरच भिजायचं, एवढं मान्य केलं तिनं. मी पहाटे पाचला निघायचं म्हणतेय, ती म्हणते आठ.

चंदगडी_काजू
आठला निघालात तर नांगरतास बघून परत फिरा.

अनगोळकर
ठरवूनच ठेवलं होतं तर विचारलं कशाला?

शहापूरची_सून
मी ठरवलं नव्हतं हो. सून आहे मी.

कुंदाप्रेमी
ते पोरांच्या मापाचं जॅकेट बेळगावात कुठं मिळतं? आम्ही डिसेंबरात असोग्याला जायलोय.