मदत हवी आहे: शोध व बचावकार्यात स्वयंसेवक ड्रोनचालक म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी कोणती तयारी असावी?

नमस्कार.

गेली चार वर्षे मी ड्रोन उडवीत आहे. आवश्यक तो परवाना माझ्याकडे आहे आणि जमिनीचे नकाशे, छतांची पाहणी अशा कामांसाठी माझी उड्डाणे नियमित होतात. माणूस बेपत्ता झाला असेल, पूर आला असेल, तर अशा वेळी हे कौशल्य बचाव यंत्रणांच्या उपयोगी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र दोन अनुभवांनंतर मी थोडा थांबलो आहे आणि जाणकारांचे मार्गदर्शन घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, असे ठरवले आहे.

पहिला अनुभव गेल्या वर्षीचा आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या एक आजी संध्याकाळी घरातून निघून गेल्याचे कळले, आणि कोणी बोलावलेले नसताना मी ड्रोन घेऊन शोधाच्या ठिकाणी पोहोचलो. पाती बसवून झाली होती, बॅटरी लावायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात शोधपथकाचे प्रमुख आले आणि त्यांनी शांतपणे तीन गोष्टी विचारल्या: आपल्याला कोणी पाठवले, आपल्याशी आम्ही वायरलेसवर कसे बोलायचे, आणि हेलिकॉप्टर आले तर ड्रोन खाली उतरवण्याचा निरोप आपल्याला कोण देणार? यांपैकी एकाचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. मी सामान आवरून परत आलो. आजी पहाटे पायी शोध घेणाऱ्यांना सुखरूप सापडल्या. पथकप्रमुखांचे बरोबर होते, याविषयी आज माझ्या मनात शंका नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या एका विमानाच्या पंखावर खासगी ड्रोन आदळला, पंखाला भोक पडले आणि ऐन गरजेच्या वेळी ते विमान जमिनीवर ठेवावे लागले. ती बातमी वाचताना मला माझी उघडी पेटी आठवत होती.

दुसरा अनुभव मला अधिक अस्वस्थ करतो. सराव म्हणून मी एका मित्राला मोकळ्या माळावर, जागा मला न सांगता, आडवे पडून राहायला सांगितले. त्याचा शर्ट निळा होता, ऊन स्वच्छ होते, गवत गुडघ्याएवढेच होते. ६० मीटर उंचीवरून सरळ पट्ट्या आखून मी सगळा माळ पाहिला आणि त्याला फोन करून म्हणालो, "तू इथे नाहीसच." तो तिथेच होता. घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर चित्रण पाहिले, तेव्हा मी त्याच्या डोक्यावरून दोनदा गेल्याचे दिसले. एका झुडपाच्या सावलीच्या कडेला निळ्या रंगाचा एक तुकडा होता, आणि उडवताना माझी नजर तेव्हा बॅटरीच्या आकड्यावर होती.

म्हणून माझा मुख्य प्रश्न असा की, प्रत्यक्ष शोधात "या भागात कोणी नाही" असे ड्रोनचालकाने कशाच्या आधारावर सांगायचे? माझ्या शब्दावर विसंबून पथक दुसरीकडे वळले आणि माणूस तिथेच असला, तर माझ्या मदतीने अपायच होईल. थर्मल (उष्णतेवरून चित्र दाखवणारा) कॅमेरा असलेला ड्रोन घेतल्याने ही अडचण सुटते का, की आधी सरावच वाढवावा? आणि यंत्रणेने स्वतःहून बोलवावे यासाठी सुरुवात कोठून करावी? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी अनेक वर्षे एका शोधपथकात समन्वयाचे काम करतो, त्यामुळे आधी उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो: "कोणी नाही" हे वाक्य ड्रोनचालकाने उच्चारायचेच नसते. कोणता भाग, किती उंचीवरून, किती वाजता, कोणत्या प्रकाशात पाहिला, आणि त्यातले काय दिसलेच नाही, एवढेच त्याने सांगायचे. झाडांचे छत, ओढ्याचा काठ, भिंतीची सावली या जागा नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवायच्या. तो भाग पुन्हा तपासायचा की सोडायचा, हा निर्णय शोध चालवणाऱ्याचा असतो. एखादा माणूस त्या भागात असल्यास तो दिसण्याची शक्यता किती होती, याचा अंदाज धरूनच पुढच्या तुकड्या पाठवल्या जातात, आणि ती शक्यता कधीही शंभर टक्के मानली जात नाही.

आपल्या सरावाचे गणित करून पाहू. आपल्या कॅमेऱ्याचे आडवे दृष्टिक्षेत्र सुमारे ७३ अंश धरले, तर ६० मीटरवरून जमिनीची जवळजवळ ९० मीटर रुंदीची पट्टी दिसते. ४,००० पिक्सेल रुंदीच्या स्थिरचित्रात एक पिक्सेल सव्वादोन सेंटिमीटरचा होतो, म्हणजे माणूस उत्तम दिसायला हवा. परंतु आपण रिमोटच्या छोट्या पडद्यावर सरकते चित्रण पाहत होता, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर ९० मीटर जमीन मावली की आडवा माणूस तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान होतो. कॅमेऱ्याने आपले काम केले होते, पाहणारा डोळा मात्र दुसऱ्या कामात गुंतला होता. म्हणूनच आमच्याकडे उडवणारा एक, आकाशाकडे लक्ष ठेवणारा दुसरा आणि केवळ पडद्याकडे पाहणारा तिसरा असतो. तिसऱ्यालाही वीस मिनिटांनी बदलतो, कारण रिकामे गवत पाहत राहिलेली नजर थकते आणि थकल्याचे तिला कळत नाही.

थर्मल कॅमेऱ्याचे मोल मोठे आहे. मे २०१३ मध्ये कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात अपघातानंतर थंडीत भरकटलेल्या जखमी वाहनचालकाला पोलिसांच्या ड्रोनने अशाच कॅमेऱ्यामुळे शोधले, आणि तो वाचला. पण त्या रात्री जमीन थंड होती आणि माणूस उबदार होता, हे विसरू नये. उन्हाने तापलेले खडक संध्याकाळी माणसासारखेच चमकतात. दिवसातून दोनदा तर जमीन आणि शरीर यांच्या तापमानातला फरक पुसट होतो आणि चित्र सपाट दिसू लागते. दाट पानांच्या आड, काचेच्या आड किंवा पाण्याखाली असलेला माणूस या कॅमेऱ्याला दिसत नाही. शिवाय ६४० पिक्सेल रुंदीच्या थर्मल चित्रात ५० मीटरची पट्टी घेतली, तर एक पिक्सेल सुमारे ८ सेंटिमीटरचा होतो. वरून पाहिलेला उभा माणूस त्यात जेमतेम सहा ठिपक्यांचा असतो, आणि तो वासरू आहे की माणूस हे ठरवायला खाली यावेच लागते. तेव्हा खर्च नंतर करावा, आधी सराव वाढवावा.

सुरुवात कोठून करावी, याचे उत्तर कदाचित आपल्याला संथ वाटेल. आपल्या भागातील बचावपथकात आधी साधे स्वयंसेवक म्हणून जा. प्रथमोपचार, नकाशावाचन, वायरलेसवर बोलण्याची पद्धत शिका, दोन-चार शोध पायी करा. मग ड्रोनचा आवाज केव्हा नकोसा होतो तेही कळेल: पथक हाका मारून उत्तरासाठी कान देत असताना डोक्यावर घरघर चालू असेल, तर खड्ड्यातून आलेली क्षीण हाक कोणालाच ऐकू येत नाही. आणखी एक. चित्रणातील एकही चौकट मित्रांना पाठवायची नाही. घरच्यांना वाईट बातमी फोनवर फिरत आलेल्या छायाचित्रातून कळणे, हे मी एकदा पाहिले आहे.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत. दोन व्यावहारिक गोष्टींची भर घालतो.

माणूस दिसल्यावर ठिकाण कसे कळवायचे, हे आधीच ठरवून घ्या. अक्षांश-रेखांशात एका अंशाची ६० मिनिटे होतात, त्यामुळे ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटे. ऐकणाऱ्याने तीस मिनिटे असे लिहून घेतले, तर अक्षांशात २२ किलोमीटरची चूक होते. आकडे एक-एक करून सांगावेत आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावेत. दुसरे म्हणजे, बहुतेक ड्रोनच्या पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. पायथ्यापासून उडवून चढाच्या दिशेने गेलात, तर पडद्यावर ६० मीटर दिसत असताना जमीन प्रत्यक्षात २० मीटरवर आलेली असू शकते. आपली पट्ट्यांची आखणी आणि वर मांडलेले पिक्सेलचे गणित, दोन्ही तिथे बदलते, आणि झाडावर आदळण्याचा धोका तर आहेच.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. "कोणी नाही" असे म्हणायचेच नाही, हे वाचून मनावरचे ओझे बरेच हलके झाले. पथकप्रमुखांच्या तीन प्रश्नांची उत्तरे ड्रोनपेक्षा आधी तयार असायला हवी होती, हेही आता पटले. त्यांनाच भेटून पायी शोधासाठी नाव देणार आहे.

तोपर्यंत सराव चालू ठेवतो. पुढच्या रविवारी मित्र पुन्हा त्याच माळावर लपेल, मात्र या वेळी पडद्याकडे पाहण्याचे काम माझी बहीण करील आणि मी केवळ उडवीन. पाहिलेला भाग, न दिसलेला भाग, वेळ आणि उंची असा तक्ता उड्डाण संपताच, मित्राची जागा कळण्याआधी, लिहून काढायचा असे ठरवले आहे. समन्वयाचे काम करणाऱ्या सदस्यांना एकच विचारायचे राहिले: न दिसलेल्या जागांची नोंद आपल्याकडे उडवणारा करतो की पडद्यासमोर बसणारा? तक्ता कोणाच्या हाती द्यावा, हे त्यावरून ठरवता येईल.