मदत हवी: जुव्यावरचा जुना खारबांध मोकळा करावा का?

मंडळी, सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीत आमच्या घराण्याचा एक लहानसा जुवा, म्हणजे खाडीतलं बेट आहे. पूर्वी खारबांधाच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आत भात पिकायचं. शेती सुटली, बांधाला खांड (भगदाड) पडली. आम्हा भावंडांचं ठरलंय की होमस्टे वगैरे काही नको, जुवा जुव्यासारखाच राहू द्यायचा.

खांडीतून उधाणाचं पाणी जिथे आत-बाहेर करतं, तिथे तिवर (कांदळ म्हणजे खारफुटी, तिच्यातलंच एक झाड) आपोआप रुजलाय. पावसाळ्यात तिवराची फळं गळतात आणि भरतीवर तरंगत येतात, लावायला कुणी गेलं नव्हतं. दुसऱ्या कोपऱ्यात मात्र पाणी साचतं, ओहोटीला निघत नाही. तिथे काहीच जगत नाही, मे महिन्यात नुसतं मीठ फुटतं. म्हणून मला वाटतं, रोपांपेक्षा पाण्याची वाट महत्त्वाची.

काहींचा सल्ला आहे की बाहेरच्या उघड्या चिखलात ओळीने कांदळ लावा. मला हे अजिबात पटत नाही. हिवाळ्यात तुतवार, चिखल्या असे पक्षी तिथेच चरतात, वाडीतल्या बायका तिथेच तिसऱ्या (शिंपले) काढतात. शिवाय इतक्या सखल जागी रोपं बहुतेक वेळ पाण्याखालीच राहतील.

अडचण विहिरीची आहे. बांधाआत उंचवट्यावर, उंडी-भेंडीच्या झाडांच्या सावलीत गोड्या पाण्याची विहीर आहे आणि जुव्यावरची दोन घरं तिच्यावरच जगतात. खारं पाणी मोकळं सोडलं आणि विहीर मचूळ झाली तर? त्यांच्या पाण्याच्या जिवावर मला कांदळवन नको.

बांध न फोडता जुन्या उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडपं काढून ठेवली तर साचलेलं पाणी निघेल का? वर्षानुवर्षं आत गाळ आला नाही, त्यामुळे जमीन बाहेरच्यापेक्षा खाली बसलीय. एकदम पाणी घेतलं तर तळंच होईल अशी भीती वाटते. आणि परवानगी कुणाची, खारभूमी विभागाची की वनविभागाच्या कांदळवन कक्षाची? खाजगी जमीन असली तरी कांदळ तोडता येत नाही, हे उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालापासून स्पष्टच आहे. पण एकदा तिवर वाढला की बांधाची डागडुजीही अडते का?

उंचवट्यावरची रानमोडी (बाहेरून आलेलं, माजणारं तण) आम्ही हातानेच उपटतोय, पावसानंतर जमीन मऊ असताना, फुलं धरायच्या आत. त्या जागी करंज आणि उंडीची स्थानिक बियांची रोपं लावणार आहोत. ते जमेल.

पेण-अलिबागकडे बांध फुटून भातशेतात कांदळ शिरलंय. तिकडच्या कुणी जवळच्या विहिरींचं पुढे काय झालं ते पाहिलं असेल, तर कृपया सविस्तर लिहा. उघाडीला हात लावायचा तर पावसाआधीच लावावा लागेल.