पुण्याला पुन्हा फुटबॉल क्लब हवा, पण विकत घेतलेला नको

(फुटबॉलप्रेमींची लेखी चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

बालेवाडी पूर्व गॅलरी

७ मार्च २०१८. पुण्याच्या बालेवाडी स्टेडियमवर आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) उपांत्य फेरीचा पहिला सामना, एफसी पुणे सिटी विरुद्ध बेंगळुरू एफसी. गोल एकही झाला नाही, पण आमच्या गॅलरीत शेवटपर्यंत कुणी खाली टेकलं नव्हतं. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले, आपण १-३ हरलो. त्या रात्री मित्रांना म्हटलं होतं, पुढच्या वर्षी बघून घेऊ. पुढच्या वर्षी सातवे आलो आणि त्यानंतरचं वर्ष आलंच नाही. २०१९ मध्ये मालक पैशांच्या अडचणीत सापडले, क्लब गुंडाळला गेला आणि लीगमधली आपली जागा हैदराबादला गेली. त्याच हैदराबादने २०२१-२२ मध्ये चषक उचलला. आता २०२५ मध्ये तो क्लबही दिल्लीला गेला, नाव बदलून स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे पुण्याची जागा आज तिसऱ्या गावात नांदतेय.

माझा नारिंगी मफलर अजून कपाटात आहे. एका टोकाला उसवला होता, तो आईने त्या उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री हातशिलाईने शिवून दिला होता. दोरा पांढरा, कारण घरात नारिंगी नव्हता. तो मफलर घालून आता कुठे जायचं?

आणि हे एकदाच झालेलं नाही. पुणे एफसी २००७ ला सुरू झाला, आय-लीगमधल्या (तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग) आपल्या पहिल्याच हंगामात तिसरा आला, २०१२-१३ मध्ये दुसरा. देशात नाव घ्यावं अशी त्याची अकादमी होती. २०१५ मध्ये बंद. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळला, २०१७ नंतर दिसला नाही. त्याआधी मुंबईत महिंद्रा युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. यातला एकही क्लब मैदानावर हरून संपला नाही. मालकाचा धंदा बसला किंवा मालकाचं मन उडालं, की खेळ खलास.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पुन्हा कुणी तयार फ्रँचायझी घेऊन आला तर मी तिकीट काढणार नाही. सभासदांची नोंदणीकृत संस्था काढा, वर्गणी ठेवा, राज्यातल्या लीगपासून सुरुवात करा. तिथून आय-लीग ३, मग २, मग वर. दहा वर्षं लागली तर लागू देत. निदान कुणी एका सहीने तो क्लब हलवू शकणार नाही.

ताळेबंद

तुमचं दुःख कळतं, हिशेब पटत नाही. पाच हजार सभासद धरा, हा आकडाच मला अवघड वाटतो. प्रत्येकी हजार रुपये वर्गणी म्हणजे वर्षाला पन्नास लाख. त्यात पंचवीस खेळाडूंचे पगार, कोच, फिजिओ, मैदानाचं भाडं, वयोगटांचे संघ. आय-लीगपर्यंत पोचलात की आज श्रीनगर, पुढच्या आठवड्यात ऐझॉल. नुसत्या विमानभाड्यातच निम्मी वर्गणी संपते.

मालकाला शिव्या देणं सोपं असतं, पण भारतात फुटबॉलमधून पैसा कुणालाच सुटत नाही. भारतीय फुटबॉल महासंघाचा आणि आयएमजी-रिलायन्सचा २०१० चा करार, पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा; पुढे तो आयएसएल चालवणाऱ्या त्यांच्याच एफएसडीएल कंपनीकडे गेला. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपायच्या बेतात आला तेव्हा पुढची व्यवस्था तयार नव्हती आणि देशातली सगळ्यात मोठी लीग महिनोन्महिने लटकली. खेळाडूंना आपण खेळणार की नाही हेच माहीत नव्हतं. अशा बाजारात तोटा सोसायला तयार असणारा मालक हाच क्लबचा श्वास. पुणे एफसी आठ वर्षं चालला तो कुणीतरी आठ वर्षं खिशातले घातले म्हणून. त्याबद्दल मी तरी त्यांचा ऋणी आहे.

पेठेतला डिफेंडर

भावांनो, तुम्ही दोघं पुण्याचंच धरून बसलाय. पुण्याला मैदान आहे, माणसं नाहीत. कोल्हापूरला माणसं आहेत, त्यांना क्लब नाही.

कधी शाहू स्टेडियमला पीटीएम-शिवाजी, म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, बघायला आलाय? सामना चारचा असला तर दोनलाच गॅलरी भरायला लागते. खाली हलगी, वर झेंडे. बालेवाडीत मैदानाभोवती धावपट्टी आहे, प्रेक्षक तिकडं आणि खेळ इकडं. आमच्याकडं थ्रो-इन टाकायला आलेल्या पोराला गॅलरीतनं कुणीतरी घरच्या नावानं हाक मारतंय. तालमीचं मंडळ, पेठेची वर्गणी, संघाचा किट गल्लीतल्याच कुणाच्या तरी माळ्यावर. तुम्ही जो सभासदांचा क्लब कागदावर मांडताय, तो आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० पासून आहे.

अनिकेत जाधव इथलाच. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला, त्यात भारताकडून खेळला. वडील रिक्षा चालवायचे. पण त्याला पुढं जायला घर सोडून पुण्यालाच यावं लागलं. व्यावसायिक क्लब कोल्हापुरात पाहिजे, आणि तो तालमींच्या जिवावर उभा राहतोय का ते एकदा बघाच.

रंकाळा

मीही कोल्हापूरचाच, आणि वरच्या मित्राशी माझं जमत नाही. शाहू स्टेडियमची गर्दी मी लहानपणापासून बघतोय. ती गर्दी फुटबॉलची आहे तेवढीच ईर्षेचीही आहे. दिलबहार तालमीचा माणूस खंडोबा तालमीच्या माणसाशेजारी बसून एकाच संघाला टाळ्या वाजवेल? हुल्लडबाजीपायी सामने थांबलेत, हंगाम अडकलेत, ते आपण दोघांनी पाहिलंय. आणि हल्ली बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही आणतात, त्यांचे पैसे पेठेतल्या वर्गणीतून येत नाहीत. पुढारी देतात. मग मालक नाही असं कसं म्हणायचं? मालक आहे, फक्त त्याचं नाव पाटीवर नाही.

क्लबला लागणाऱ्या परवान्याचं तर विचारूच नका. वर खेळायचं तर वयोगटांचे संघ, डॉक्टर, प्रशिक्षित कोच, तपासलेले हिशेब, प्रकाशझोत, सगळं दाखवावं लागतं. आमच्या किती मंडळांकडे गेल्या वर्षीचा जमाखर्च नीट लिहिलेला आहे? मला कोल्हापूरचा अभिमान आहे, म्हणूनच हे विचारतोय.

अंधेरी नॉर्थ

मुंबईकर म्हणून थोडं. आमचा मुंबई सिटी २०१४ ला सुरू झाला तेव्हा तोही असाच विकत आणलेला क्लब होता. २०१९ मध्ये परदेशी समूहाने ६५ टक्के हिस्सा घेतला. आमच्या मित्रांनाही तेव्हा वाटलं होतं की आता क्लब आपला राहिला नाही. पण झालं काय? २०२०-२१ मध्ये लीग शील्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याला) आणि चषक दोन्ही. २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. २०२४ चा अंतिम सामना कोलकात्यात, साठ हजारांच्या समोर, मोहन बागानला ३-१. मी त्या रात्री रडलोय. ते रडणं कुणाच्या शेअर्सवर अवलंबून नव्हतं.

आणि पुणेकरांनो, आठवतंय ना, २०२३ मध्ये सौदीचे अल-हिलाल भारतात खेळायला आले ते तुमच्या बालेवाडीत, आमचा घरचा सामना म्हणून. पैसा आणि व्यवस्था होती म्हणून तो सामना झाला.

बालेवाडी पूर्व गॅलरी

अंधेरी नॉर्थ, तो सामना मीही गॅलरीतून पाहिला. आपण ०-२ हरलो तरी आनंद झाला होता. पण तुमची गोष्ट पुढेही सांगा ना. लीग लटकल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये तो समूह हिस्सा सोडून निघून गेला. एवढे चषक, एवढा पैसा, आणि जाताना तुम्हाला कुणी विचारलं? हेच तर मी म्हणतोय. चांगला मालकही जातो.

ताळेबंद, ऐझॉलचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून. मिझोरामचा ऐझॉल एफसी २०१६ मध्ये आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे परत घेतला आणि २०१६-१७ मध्ये सरळ विजेता. कोच कोण? खालिद जमील. आधी सात वर्षं मुंबई एफसीला सांभाळलेला माणूस. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली गेला. आपल्या माणसाला आपण सोडलं, मिझोरामने उचललं. आज तो भारताचा मुख्य कोच आहे. डोंगरातलं छोटं राज्य हे करू शकतं आणि पुण्यासारखं शहर करू शकत नाही, हे मला मान्यच होत नाही.

ताळेबंद

ऐझॉलचं उदाहरण मला पाठ आहे, पण अर्धंच सांगितलंत. विजेतेपदानंतर तो संघ फुटला. कोच गेला, खेळाडू गेले, कारण दुसरे क्लब जास्त पैसे देत होते. आणि तोही सभासदांच्या वर्गणीवर चालणारा क्लब नव्हता, तिथेही मालक आहेत, फरक इतकाच की ते त्याच गावचे आहेत.

शिवाय तुम्ही म्हणता मैदानावर हरून कुणी संपलं नाही. मुंबई एफसी खाली गेला हे तुम्हीच आत्ता लिहिलंत, आणि मग तो बंद पडला.

सहा नंबरची आई

तुम्ही सगळे वरिष्ठ पुरुष संघाबद्दलच बोलताय. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, बचावफळीसमोर खेळते, पाठीवर सहा नंबर. २०१७ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय लीग झाली तेव्हा त्यातल्या सहा संघांत एफसी पुणे सिटी होता. २०१९-२० मध्ये कोल्हापूर सिटीचा संघ होता. आज मी तिला कुठला संघ दाखवू?

क्लब बंद झाला की तुमचा मफलर कपाटात जातो, पोरांचं वय मात्र थांबत नाही. पुणे एफसी गेला तेव्हा त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, म्हणून मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन पुण्यातच टिकला आणि २०१९ च्या आशिया कपमध्ये भारताकडून खेळला. ती अकादमी त्या वेळी कुणी उचलली नसती तर? मला मालक चालेल, सभासद चालतील, तालीम चालेल. पण मुलांचा आणि मुलींचा विभाग वेगळ्या संस्थेकडे हवा, वेगळ्या खात्यात, वरचा संघ बुडाला तरी त्याला कुणी हात लावणार नाही असा. सहा वर्षांत तिचे तीन कोच बदलले. दर वेळी ती नव्याने सांगते की मी कुठे खेळते.

पेठेतला डिफेंडर

ताई, हे एकदम पटलं. आमच्याकडं पोरींचं फुटबॉल जोरात आहे, पण तालमींत त्यांना जागा नाही, हे मान्य करतो.

रंकाळा, तुझ्या जमाखर्चाच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. पण दिलबहार-खंडोबा एकत्र बसत नाहीत हे खोटं. अनिकेत वर्ल्डकपला खेळत होता तेव्हा आमच्या चौकात सगळ्या तालमींची पोरं एकाच टीव्हीपुढं होती. त्या रात्री कुणी कुणाची पेठ विचारली नाही.

बालेवाडी पूर्व गॅलरी

ताळेबंद, मुंबई एफसीचा मुद्दा तुमचा बरोबर, माझं वाक्य मी मागे घेतो. पन्नास लाखांत आय-लीग होत नाही हेही मान्य. पण राज्याची लीग होते, आणि ताई म्हणतात तसा मुलामुलींचा विभाग होतो. मालक येऊ दे, त्याचा पैसा येऊ दे. नाव, रंग आणि अकादमी मात्र सभासदांच्या संस्थेकडे राहील, क्लब शहराबाहेर न्यायचा तर त्यांचं मत लागेल, एवढं आधी लिहून घ्यायचं. यावर तुमची सही होईल?

ताळेबंद

अकादमीवर आज सही करतो. नाव आणि रंगावरही. शहराबाहेर न्यायला सभासदांची परवानगी, ही अट बघून एकही गुंतवणूकदार दारात उभा राहणार नाही असं माझं मत कायम आहे. तसा एक जरी सापडला तर सभासदत्वाची पहिली पावती माझ्या नावाने फाडा.