पुणे ते कन्याकुमारी कारने, सोबत दोन पोरं आणि सासूबाई. जमेल का?

कोथरूडकरीण:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पुणे ते कन्याकुमारी कारने करायचं म्हणतोय. आम्ही दोघं, मुलगा ९, मुलगी ४ आणि सासूबाई (६८, गुडघे दुखतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त). गाडी साधी सेडान, सीएनजी. हातात ९ दिवस आहेत. ह्यांचा प्लॅन असा की पहाटे ४ ला निघून पहिल्या दिवशी थेट बंगळूर, दुसऱ्या दिवशी मदुराई, तिसऱ्या दिवशी कन्याकुमारी, मग येताना रामेश्वर, तंजावर आणि पाँडिचेरी. मॅपवर बोट फिरवलं की सगळं दोन इंचात बसतं हो, पण माझी मुलगी साताऱ्याला माहेरी जाताना खंबाटकी घाटातच ओकते, त्यामुळे मला धडकी भरलीये. मुलाचं 'अजून किती राहिलं' कात्रज सोडलं की सुरू होतं. सासूबाईंची एकच अट, रामेश्वर चुकवायचं नाही.

तर कुणी लहान मुलं घेऊन एवढ्या लांब गेलंय का? मुक्काम कुठे करावे, खाण्यापिण्याचं काय, गाडी लागण्यावर काय उपाय, सगळंच सांगा. 'विमानाने जा' सोडून काहीही चालेल.

हायवे_काका:

ताई, तुमच्या अहोंना प्रेमाने सांगा की पुणे बंगळूर ८४० किमी आहे. एकटा माणूस मारतो एका दिवसात, मीही मारलंय, पण चार वर्षाचं पोर मागे असताना नाही. सातारा ते कागल रुंदीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी डायव्हर्जन, त्यात कोल्हापूरचं ट्रॅफिक, पुढे हुबळी धारवाड बायपास. मॅप जे तास दाखवतो त्यात शू, उलटी, भूक आणि 'माझी बाटली खाली पडली' हे धरलेलं नसतं. मी सरळ दीडपट करतो.

माझ्या मते पहिला मुक्काम हुबळी, साधारण ४३० किमी. दुसऱ्या दिवशी हुबळी ते बंगळूर ४००च्या आसपास, पण मधे दावणगेरेला बेन्ने डोसा आणि चित्रदुर्गचा किल्ला. हा किल्ला मुलांसाठी एक नंबर. मोठमोठे गोल दगड, त्यांच्यामधून वळत जाणारी तटबंदी, आणि ती ओबव्वाची खिंड, जिथून हैदर अलीचे सैनिक एकेक करून आत सरपटत येत होते आणि पहारेकऱ्याच्या बायकोने हातातल्या मुसळाने एकेकाला आडवं केलं. ओनके म्हणजे कन्नडमधे मुसळ, म्हणून ती ओनके ओबव्वा. माझ्या नातवाने त्या फटीतून सात वेळा ये-जा केली, आठव्यांदा मी ओढून आणला. सासूबाईंना मात्र वर चढवू नका, खाली सावलीत बसवा, पायऱ्या दगडात कोरलेल्या आहेत आणि दुपारी दगड तापतो.

तिसरा दिवस बंगळूर ते मदुराई, ४३५ किमी, रस्ता मस्त. चौथ्या दिवशी कन्याकुमारी २४५. जायला एकूण दीड हजार किमी आहे, चार दिवस लागतातच.

रातकिडा:

काका नेहमीप्रमाणे बैलगाडीच्या स्पीडने 😀 अहो रात्री ९ ला जेवून निघायचं, पोरं गाडीत झोपतात, रस्ता मोकळा, ऊन नाही, एसी कमी, सकाळी ९ ला बंगळूरमधे इडली. मी कायम असंच करतो, पोरांना कळतही नाही. नाहीतर पुण्याहून कन्याकुमारी एक्सप्रेस सुटतेच की, बसा त्यात.

दोन_पिल्लांची_आई:

नुसतं ताई म्हणू का, कोथरूडकरीण फार मोठं होतंय 😊

गाडी लागण्यावर आमचा अनुभव सांगते, थोरलीला भयंकर लागायची. रिकाम्या पोटी नेलं तर पित्ताने होते आणि दूध पाजून नेलं तर दह्यासारखं सगळं बाहेर, म्हणून निघायच्या तासभर आधी कोरडं काहीतरी, आमच्याकडे भाकरीचा तुकडा नाहीतर मारी. दूध नाही, फ्रूटी अजिबात नाही. टॅब आणि पुस्तक घाटात बंद, मान खाली गेली की झालंच. सीट अशी लावा की तिला पुढच्या काचेतून रस्ता दिसेल. आल्याची वडी, आवळा सुपारी चालते पण चार वर्षाच्या पोरीला सुपारीसारखं कडक काही देऊ नका, वडीही बारीक तुकडा करून आणि गाडी थांबलेली असतानाच. गोळी द्यायची तर तुमच्या बालरोगतज्ञांना वजन सांगून विचारा, माझ्या डॉक्टरांनी दिलेली इथे सांगणार नाही.

आणि उलटीची पिशवी डिकीत नसते ठेवायची!!! हे मी शिकले ते निपाणीच्या पुढे, नवऱ्याच्या कॉलरमधे. आता पुढच्या सीटच्या मागच्या खिशात चार पिशव्या, सुटा फ्रॉक, ओला नॅपकिन आणि एका डबीत थोडी कॉफी पावडर. पुसून झाल्यावर ती पावडर तिथे भुरभुरायची, आंबट वास मरतो.

चाइल्ड सीट नक्की लावा. मांडीवर घेऊन बसायची आपल्याला सवय पण जोराचा ब्रेक लागला तर हातात राहात नाही मूल, आणि कायद्यानेही १४ वर्षाखालच्या मुलांना बेल्ट किंवा सीट लागतेच, नाहीतर १००० दंड आहे. अडचण एवढीच की सेडानमधे मागे सीट, मुलगा आणि आजी म्हणजे कोंबाकोंबी. आजींना पुढे बसवा, गुडघे लांब करता येतात आणि तुम्ही मागे पोरांमधे. नवऱ्याशी गप्पा काय, घरी आहेतच.

घाटातला_शिपाई:

रातकिडा भाऊ, तुमचं बरोबर असेल तुमच्यापुरतं, पण माझं ऐका. मीही हेच म्हणायचो. तीन वर्षांपूर्वी रात्री १० ला पुण्यातून निघालो, बायको आणि दोन्ही पोरं मागे गाढ झोपलेली, एसीचा घूं असा आवाज, हावेरीच्या अलीकडे पहाटे साडेचारच्या सुमारास मला वाटलं मी जागाच आहे. पुढचं आठवतं ते डाव्या बाजूच्या चाकांचा खडखडाट आणि धाकट्याचं 'बाबा दगड'. गाडी रस्ता सोडून मुरमावर गेली होती, समोर पंधरा वीस फुटांवर टेललाईट नसलेला उसाचा ट्रॅक्टर उभा. काही झालं नाही. कुणाला ओरखडाही नाही. पण मी उतरलो तर पाय लटपटत होते आणि बायको एक शब्द बोलली नाही, ती बंगळूरपर्यंत जागी बसून माझ्याकडे आरशात बघत होती. पोरं झोपतात हो, त्यांना सकाळी गाडी थोडीच चालवायचीये. तेव्हापासून पहाटे साडेपाचला निघायचं आणि दिवस मावळायच्या आत हॉटेल.

रातकिडा:

ट्रॅक्टरचं वाचून गप्प बसलो. दोघं ड्रायव्हर असतील तरच रात्र, एवढी दुरुस्ती करतो.

बनशंकरीचा_मराठा:

मी बंगळूरला १४ वर्षं आहे, दक्षिणेकडे वर्षातून दोनदा जाणं होतं, म्हणून थोडं पुढचं सांगतो.

शहरात शिरू नका. तुमकूर रोडवरून नाइस रोड पकडला की थेट होसूर रोडला इलेक्ट्रॉनिक सिटीपाशी निघता, मुक्कामही तिकडेच करा म्हणजे सकाळी तासभर वाचतो. तुमकूरच्या आधी घाईने जेवू नका, क्यातसंद्रची तट्टे इडली खा, ताटाएवढी असते आणि मऊ, चार वर्षाच्या पोरीला त्याहून सोपं काही नाही.

फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून आलाय, सुरू झाला तेव्हा ३००० ला होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. एवढ्या लांबच्या ट्रिपला बराचसा वसूल होतो. पण तो फक्त राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलला चालतो, नाइस रोडला नेहमीसारखे पैसे कापले जातात, त्यामुळे टॅगमधे बॅलन्स ठेवाच.

धर्मपुरी सोडून सेलमकडे जाताना तोप्पूर घाट लागतो. आपल्या घाटांपुढे किरकोळ वाटेल, पण जाताना तो सगळा उतार आहे आणि जड ट्रकचे ब्रेक फेल होऊन तिथे वाईट अपघात झालेत. खालच्या गिअरमधे, डावीकडून, ट्रकच्या पुढे घुसायची हौस नको.

सीएनजीचं म्हणाल तर डिकीतली निम्मी जागा टाकीच खाणार, पाच माणसांचं सामान कुठे ठेवणार ते निघायच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी भरून बघा. शिवाय भरताना प्रत्येक वेळी सगळ्यांना खाली उतरावं लागतं, झोपलेल्या पोरीसकट आणि आजींसकट. मी असतो तर लांबच्या पट्ट्यात सरळ पेट्रोलवर गेलो असतो, पैसे गेले तर गेले.

तमिळ येत नसेल तर दोन वाक्यं पाठ करा. 'कारम वेण्डाम' म्हणजे तिखट नको. 'सुडु तण्णी' म्हणजे गरम पाणी. माझी आई एवढ्या भांडवलावर आठ दिवस राहिली.

मोडी_वाचक:

सगळे रस्त्याचंच बोलताय. तंजावर सोडू नका हो! बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय, सरफोजी राजांच्या काळात, १८०३ मधला. माझी पुतणी 'काका इथे मराठी' म्हणून ओरडली तेव्हा आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मग सरस्वती महाल ग्रंथालय. आणि जमलं तर जिंजी, राजाराम महाराजांनी तिथूनच झुंज दिली. ९ वर्षाच्या मुलाला हे आत्ताच दाखवायला हवं.

कन्याकुमारीचं विवेकानंद स्मारकही आपल्या माणसाने उभं केलंय, एकनाथजी रानडे, अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, १९७० साली. तिथून तिरुवल्लुवरांच्या पुतळ्यापर्यंत आता काचेचा ७७ मीटरचा पूल झालाय, पोरं खाली समुद्र बघत चालतात. बोटीची रांग मात्र सुट्टीत अंत बघते, सकाळी पहिल्या बोटींना जा.

हायवे_काका:

वरच्यांना पुस्ती. नाताळात तिकडे अय्यप्पा भक्तांचा सीझन असतो, शबरीमलाहून लोक कन्याकुमारीला येतात, हॉटेल आत्ताच बुक करा आणि फोन करून पार्किंग विचारा. आम्हाला एकदा एका हॉटेलने 'फॅमिली रूम' म्हणून जी खोली दिली तीत पलंगाभोवती चालायला जागा नव्हती, मुलं गादीवरून गादीवर उड्या मारत दाराशी यायची. मीनाक्षीचं देऊळ दुपारी बंद असतं आणि आत मोबाईल नेऊ देत नाहीत, त्या हिशोबाने मदुराईला पोचा.

आणि जिंजी यावेळी नको मोडी साहेब, तिथला राजगिरीचा डोंगर चढायला आजींना पालखी लागेल.

कोथरूडकरीण:

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री जेवताना हा धागा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. काकांच्या दीडपट हिशोबावर हसले, ट्रॅक्टरपाशी आल्यावर हसायचे थांबले आणि स्वतःहूनच कागद घेऊन बसले. पाँडिचेरी कटाप. दोन दिवस रजा वाढवली, मुलाची शाळा बुडणार, बुडू दे.

आता असं आहे: हुबळी, बंगळूरच्या पलीकडे, मदुराई, मग कन्याकुमारी दोन रात्री, रामेश्वर दोन रात्री, तंजावर, कृष्णगिरी, हुबळी, घर. ११ दिवस. सासूबाईंनी फक्त रामेश्वर आहे ना एवढं बघून घेतलं आणि पुढची सीट मिळणार म्हटल्यावर 'मी तर तेच म्हणत होते' म्हणाल्या.

शेवटचा एक प्रश्न. मुलगी बाहेरचं फार खात नाही, तिला मऊ भात लागतो, तर छोटा इलेक्ट्रिक कुकर आणि तांदूळ बरोबर न्यावेत का? डिकीत जागा नाहीच्चे तशी.

बनशंकरीचा_मराठा:

तमिळनाडूला जाताना घरून तांदूळ?? ताई, तिथे कुठल्याही मेसमधे दहीभात मागा, 'तयिर सादम', तुमच्या घरच्यापेक्षा मऊ मिळेल. कुकरच्या जागी चाइल्ड सीट ठेवायची पिशवी मावते का बघा.